आई, डंकन त्याचा बाप नव्हता

प्रिय आई,

तुम्हाला मराठीतला एकच शब्द येत होता, तो वर लिहिला आहे. बाकीचं पत्र तुम्हाला वाचता आलं नसतं, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच ते मराठीत लिहितेय. टॉमच्या हाती लागलंच, तर आपली बायको किराण्याची यादी करतेय असं त्याला वाटेल.

आजच का लिहितेय? तुमच्या थडग्याशेजारी बसवायच्या दगडाचा नमुना काल सूझनने ईमेलने पाठवला. विल्यमपासून तुमच्यापर्यंत सगळ्यांची नावं आहेत. सगळ्यात वर कोरायचंय, ‘विल्यम रीड, डंकनचा मुलगा’. शुक्रवारपर्यंत मी ओके म्हटलं की कारागीर कामाला लागणार. मीच का? तर तुमच्या लेकीच्या मते घरातली इतिहासकार मी!

कापड चोरलं म्हणून स्कॉटलंडहून टास्मानियाला काळ्या पाण्यावर पाठवलेला तुमचा विल्यम. त्याचा नातू, म्हणजे तुमचे पणजोबा, पुढे अमेरिकेत आले. चोर पूर्वजाचा तुम्हा लोकांना केवढा अभिमान! आमच्याकडे असता तर आम्ही त्याला वंशावळीतून गुपचूप गाळला असता. तुम्हाला मात्र चोरीशी देणंघेणं नव्हतं. तुरुंगाच्या कागदावर वडिलांच्या रकान्यात नुसती रेघ होती, ती तुम्हाला सलायची.

का, ते तुम्ही फक्त मला सांगितलंत. केमोनंतर आपण हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसलो होतो, हीटर तापायची वाट बघत. तुमच्या जन्मदाखल्यावरही तशीच रेघ आहे, म्हणालात. आजोबा लढाईत गेले असं टॉम आणि सूझन लहानपणापासून समजतात, तसे कुणी आजोबा नव्हतेच. माझे वडील शोधायचं माझ्यात धाडस नाही, विल्यमचे तरी शोध, असं म्हणालात. मलाच का हो सांगितलंत? पोटच्या मुलांना सांगायचं ते सुनेच्या पदरात टाकून मोकळ्या झालात. मला तेव्हा फार मोठेपणा वाटला होता.

मग मी कामाला लागले. जहाजाच्या यादीत पूर्ण नाव सापडलं, विल्यम डंकन रीड. मी खुर्चीत टाळी वाजवली. मधलं नाव म्हणजे बाप! शाळेच्या दाखल्यापासून इथल्या लायसन्सपर्यंत माझ्या नावात मध्ये आमचे अण्णा बसलेत, मेधा श्रीधर. यात शंका घेण्यासारखं काय होतं? विल्यमच्याच गावच्या चर्चच्या वहीत कुणा डंकन रीडचा बाप्तिस्माही मिळाला. पुढचं पान उलटून बघायची मला गरजच वाटली नाही.

तोवर तुमची कॉट दिवाणखान्यात आली होती. मी सांगितलं, तेव्हा तुम्ही ते नाव दोनदा म्हणून पाहिलंत. मग माझा हात धरलात.

“सो ही हॅड अ फादर,” म्हणालात.

चार दिवसांनी तुम्ही गेलात.

इथे नेपरव्हिलच्या लायब्ररीत पूर्वज शोधणाऱ्यांचा एक गट जमतो. हिवाळ्यात तिथे मी मिरवायला फाइल घेऊन गेले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, डंकन बाप कशावरून? म्हटलं, मध्ये लिहिलंय ना! ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. तिकडे मध्ये बापाचं नाव लावायची रीत नव्हती, बरेचदा नात्यातल्या कुणाचं आडनाव घालत, म्हणाले. मग त्यांनी वहीतलं ते पुढचं पान काढलं. माझा डंकन नवव्या वर्षीच वारला होता.

एडिसनला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला, शुभदाला फोन केला, तर ती म्हणते, यार, मीपण तेच लिहिलं असतं. तेवढाच काय तो दिलासा.

टॉमला सांगितलं. “लेट इट बी,” तो म्हणाला, “मॉम डाइड हॅपी.” तेव्हापासून मी कोंडीत सापडलेय. सूझन येईल-जाईल त्याच्यापुढे माझं कौतुक करते आणि मी ताटातला बटाटा चिवडत बसते. खरं बोलावं, तर तुमचा शेवटचा आनंद खोटा ठरतो, आणि तो एवढा का झाला हेही सगळे विचारणार. गप्प बसावं, तर माझी चूक दगडावर कायमची कोरली जाणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे तुम्हीच मला उभं करून गेलात! रागावलेय मी तुमच्यावर, आई. आठवणही फार येते.

आज दुपारी तुरुंगाचा तो कागद पुन्हा काढला. ती रेघ मी शंभरदा पाहिली असेल. तिच्या वरच्याच ओळीत स्वच्छ अक्षरात लिहिलंय, आई: जॅनेट रीड. तिला शोध असं ना तुम्ही म्हणालात, ना मला सुचलं. त्या बाईने एकटीने पोर वाढवलं असेल, आणि ते जहाजावर चढवलं गेलं. तुम्हालाही तुमच्या आईने एकटीनेच वाढवलं ना? त्या दिवशी गाडीत तिच्याबद्दल तुम्ही एक शब्द बोलला नाहीत.

उद्या सकाळी सूझनला फोन करणार आहे. चूक माझी, हे सरळ सांगेन. डंकन काढायला लावेन आणि तिथे ‘जॅनेटचा मुलगा’ असं कोरून घेईन. मॉमला त्या बापाचं एवढं काय होतं, असं ती विचारणारच. चिडली, रडली, तरी त्याचं उत्तर माझ्याकडून मिळणार नाही. ते तुम्ही मला दिलंत, माझ्यापाशीच राहील, हे वचन.

तुमची सून,
मेधा