गार्डाची शीळ

धुळे,
११ फेब्रुवारी

चि. नूतन हिस,
अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाही म्हणून चिडली असशील. तो वाजलेला मला कळतच नाही. डावा कान पूर्ण गेला, उजव्यात थोडं येतं. मशीन लावलं की त्यातून कुकरची शिट्टी वाजते. तेव्हा पत्रच बरं.

बातमी अशी, की पुनमने शेवटी माझं ऐकलं नाही. तुझी वहिनी गेल्यापासून बाप एकटा राहतो हे लेकीला खपत नाही. महिनाअखेर तिच्याकडे पुण्याला जातोय. घराला कुलूप. वर्कशॉपची हत्यारं शेजारच्या दीपकला दिली. राहिले पक्षी. पुनमच्या सोसायटीत पिंजरा चालत नाही. बाकीच्या फिंचच्या जोड्या ओळखीत वाटल्या, पण एक जोडी माझ्याने कुणाला देववत नाही.

त्यातला नर आपल्या नानांच्या पक्ष्यांच्या वाणातला शेवटचा आहे. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर जी शीळ ऐकत आपण वाढलो, तीच हा घालतो. म्हणून नानांच्या नोकरीवरून त्याचं नाव गार्ड ठेवलंय. या जातीत मादी गात नाही, आणि नर पिल्लू शीळ शिकतं ते फक्त बापाकडून. गार्डला आजवर सगळ्या मुलीच झाल्या. आता तो म्हातारा झालाय. एक तरी मुलगा त्याच्याजवळ वाढला नाही, तर ती शीळ त्याच्याबरोबर जाईल. मला ती ऐकू येत नाही आता. नुसती चोच हललेली दिसते.

तू सांभाळशील का? नाही म्हणालीस तरी मी समजेन. बाकी बठ्ठं ठीक शे.

ओट्यावर बसून भांडायचो तेव्हा होता तेवढाच जीव लाव, जास्त मागत नाही.
तुझा,
भाऊ


जळगाव,
१७ फेब्रुवारी

ती. प्रेमराजभाऊस,
सा. न. वि. वि.

तुझं 'बठ्ठं ठीक शे' वाचलं आणि काहीच ठीक नाही हे कळलं. नानाही बदली झाली, पगार अडकला, की आईला नेमकं तेच लिहायचे.

आधी माझं ऐकून घे. लहानपणी त्या पिंजऱ्याला मला कधी हात लावू दिला होता का? ड्रायव्हर रॉबर्ट्ससाहेबांनी कायमचं ऑस्ट्रेलियाला निघताना ती पहिली जोडी माझ्या हातात दिली होती. ऑस्ट्रेलियाला चाललेला माणूस ऑस्ट्रेलियाचेच पक्षी भुसावळात ठेवून गेला, याचं हसू मला एकटीला आलं. ओट्यावरून घरात येईपर्यंत ते पक्षी तुझे झाले. दाणे तू घालायचास, दार तू उघडायचास. मुलीला कॉन्व्हेंटमध्ये घातलं म्हणजे तिचं सगळं देऊन झालं, अशी नानांची समजूत.

मला मिळाली नुसती शीळ. ती मी तोंडाने हुबेहूब वाजवायची. प्रार्थनेच्या रांगेत एकदा वाजली, तर सिस्टरने बाकावर उभं केलं आणि मुली शीळ घालत नाहीत असं इंग्रजीत सांगितलं. घरी आले तर आईने तेच आपल्या भाषेत सांगितलं. त्या दोघींचं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं. त्यानंतर शीळ घातली नाही.

सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांचे आवाज एकमेकांना जोडून देण्यात गेली. आता मला शांतता हवी होती, चिवचिव नव्हे. तरी पाठव. परक्यांकडे गेले तर नाना स्वप्नात येऊन मलाच बोलतील, तुला नाही बोलणार.

राग आहे तिथेच आहे. लोभ त्याच्याच खाली सापडेल.
तुझी,
नूतन


पुणे,
९ मार्च

चि. नूतन हिस,
अनेक आशीर्वाद.

सावद्याच्या केळीच्या गाडीवाल्या छगनने धुळ्याहून रिकामं परतताना पिंजरा तुझ्याकडे उतरवला आणि पुनमच्या मोबाइलवर फोटो पाठवला. पिंजरा जुन्या कूलरच्या सांगाड्याचा आहे हे बघून तू नाक मुरडलं असशील. पण लोखंड जाड आहे, पत्रे काढून तिन्ही बाजूंना बारीक जाळी मीच मारली. उंदीर शिरत नाही, पाल शिरत नाही.

मात्र तू तो हॉलच्या मधोमध ठेवलास, शोकेससारखा. तसं करू नकोस. पक्ष्याला पाठीशी भिंत लागते, नाहीतर त्याला चहूकडून भीती वाटते. उत्तरेकडची खिडकी बघ. नव्या जागी आणलेल्या पक्ष्याला आधी अर्ध्या पडद्याआड राहू द्यावं. त्याच्याकडे टक लावून बघू नये, त्याच्याशी बोलू नये, फक्त दाणापाणी वेळेवर ठेवावं. आपणहून तो पुढच्या काठीवर आला, की जागा त्याची झाली असं समजावं. घरट्याचं बोळकं वरच्या कोपऱ्यात बांध. बाजरी, राळं, आणि अंड्याच्या टरफलाची पूड विसरू नकोस.

इथे पुनम फार करते. गॅलरीला कबुतरांसाठी जाळी मारली आहे. मी आत बसतो, कबुतरं बाहेर बसून माझ्याकडे बघतात. बठ्ठं ठीक शे.

दूर असलो तरी आठवण जवळ ठेव.
तुझा,
भाऊ


जळगाव,
२१ एप्रिल

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

पिंजरा भिंतीला लावला. बोलले नाही, हे मला किती कठीण गेलं ते तुला ठाऊक आहे.

पण तुझी मादी माझ्याशी पहिल्यापासून वैर धरून होती. मी बोळक्यात गवत घातलं, सिस्टर पलंगाच्या चादरीचे कोपरे दुमडायला लावायच्या तसं नीट, काडीला काडी लावून. तिने ते सगळं बाहेर फेकलं. मी पुन्हा रचलं. तिने पुन्हा फेकलं. दोनदा अंडी घातली आणि दोन्हीदा सोडून दिली, कारण मी रोज सकाळी बोळकं उतरवून फिनेलच्या फडक्याने पुसत होते. शेजारच्या सुंदरबाई म्हणाल्या, बाळंतिणीची खोली आहे ती ताई, दवाखाना नव्हे. मला राग आला, पण फडकं ठेवून दिलं. मग माझ्या कूलरच्या जाळीतलं जुनं गवत काढलं, ते मूठभर तसंच टाकलं. तुझ्या मादीने त्याचा असा गचाळ गोळा केला की बघवेना, आणि त्यात ती शांत बसली.

एक पिल्लू जगलं. आता बोळक्याबाहेर येऊन बापाच्या मागे मागे काठ्यांवर उड्या मारतं. मुलगा की मुलगी ते कळत नाही. गार्ड सकाळी गातो. भाऊ, तीच रे. तीन तुटक, मग एक लांब, मग ती घसरण, नाना गाडीला हिरवा झेंडा दाखवून आत चढायचे तशी. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी आमटी उतू जाऊ दिली. आपल्या ओट्याची गार शहाबादी फरशी जणू पायाला लागली.

ऊन मात्र आत्ताच चव्वेचाळीसवर गेलंय. कूलर दिवसभर चालू आहे.

दोन शब्द जास्त लिहीत जा, माझी तक्रार कमी होईल.
तुझी,
नूतन


पुणे,
२९ एप्रिल

चि. नूतन हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उशाशी ठेवलंय. ती घसरण मी विसरत चाललो होतो.

एक सांगतो, रागावू नकोस. तुझा कूलर फार आवाज करतो, मागे आलो होतो तेव्हा माझे कान शाबूत होते. पिल्लू नर असेल तर हेच त्याचे ऐकण्याचे दिवस आहेत. आधी तो नुसता ऐकून मनात साठवतो, स्वतः गातो ते पुढे. कूलरच्या घरघरीत बापाची शीळ बुडाली तर तो घरघर शिकेल. गार्ड गातो तेवढा वेळ कूलर बंद ठेवता आला तर बघ. पण जळगावच्या मे महिन्यात, तुझ्या वयात, हे मी कुठल्या तोंडाने मागू? जमेल तेवढंच कर.

कुणाचंही ऐकू नकोस, माझंही, पण माया असू दे.
तुझा,
भाऊ


जळगाव,
२६ मे

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

गार्ड गेला. सकाळी खाली वाळूत पडलेला दिसला.

रोज उजाडल्यापासून तो गायचा थांबेपर्यंत मी कूलर बंद ठेवत होते. ओला पंचा मानेवर टाकून बसायची. भिंती तव्यासारख्या तापलेल्या. सुंदरबाई दारातून डोकावून म्हणायच्या की पाखरापायी ही बाई पापडासारखी वाळणार. मी त्यांना सांगितलं, की मी एक्सचेंजमध्ये होते आणि लाइन चालू असताना मध्ये कुणी बोलायचं नसतं. त्याला ओलं फडकं, पाण्याची परात, सगळं दिलं. शेवटच्या दिवशीही तो गायला, पण ती लांब तान त्याला ओढवेना.

पिल्लाच्या गालावर अजून नराचा रंग नाही. तोंडातून काही नीट निघत नाही, नुसतं कुरकुर. आता शिकवायला कुणी नाही. गार्डला मी जांभळाखाली पुरलं. मला या फंदात पाडल्याबद्दल तुझ्यावर फार रागावले आहे, आणि तू इथे नाहीस याबद्दल जास्त.

जास्त लिहवत नाही. तब्येत जप.
तुझी,
नूतन


पुणे,
३ जून

चि. नूतन हिस,
अनेक आशीर्वाद.

तू केलंस तेवढं मीही केलं नसतं. त्याचं वय झालं होतं, नूतन. नानांची शीळ एवढी टिकली हेच खूप. आता पिल्लाला नुसता पक्षी म्हणून वाढव, त्याच्याकडून काही मागू नकोस.

मी बरा आहे. बठ्ठं ठीक शे.

तुझ्यावाचून या शिळेची ओळख असलेलं कुणी उरलं नाही, एवढं लक्षात ठेव.
तुझा,
भाऊ


जळगाव,
१४ जुलै

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

पिल्लाचे गाल नारिंगी झाले. मुलगा आहे.

तुला मुद्दाम लगेच कळवलं नाही, कारण त्याचं गाणं म्हणजे आपल्या वेळचा ट्रंक कॉल होता. खरखर, मध्येच एक शब्द, पुन्हा खरखर. मी रोज कान लावून बसायची आणि काही लागत नाही म्हणून उठायची. परवा चहा गाळत होते, तर मागून लाइन लागली. तीन तुटक, एक लांब, आणि ती घसरण. सगळी. बाप असताना नुसतं कुरकुरणाऱ्या त्या पोराने सगळं ऐकून ठेवलं होतं. शेवटी तो एक जास्तीचा सूर लावतो, तो ना नानांचा ना गार्डाचा. जळगावचा असावा. मी त्याला बोलले नाही.

आता दुसरं. पुनमचा फोन आला होता. तू दोनदा बॅग भरलीस आणि दोनदा सोडलीस, जेवण ताटात ठेवून गॅलरीच्या जाळीपाशी बसतोस, असं ती रडत सांगत होती. तिची काही चूक नाही. तिने तुला मधोमध ठेवलंय, शोकेससारखं.

माझी उत्तरेच्या खिडकीची खोली रिकामी केली आहे. पलंग भिंतीला लावलाय. आधी अर्धा पडदा राहील. कुणी टक लावून बघणार नाही, कुणी बोलणार नाही, मीसुद्धा, आणि याची किंमत तुला समजेल. दाणापाणी वेळेवर मिळेल. आपणहून पुढच्या खोलीत आलास, की जागा तुझी झाली असं समजेन. पुनमला मी सांगितलं आहे. छगन पुण्याला केळी घेऊन येतो, परतताना तुला आणि तुझ्या बॅगेला इथे उतरवील.

पिल्लाचा बारीक आवाज तुझ्या कानापर्यंत पोचणार नाही, मला माहीत आहे. मी उजव्या बाजूला बसेन आणि तीच शीळ जाड आवाजात, सावकाश, तुझ्या कानाशी घालीन. आता बाकावर उभं करायला सिस्टर नाहीत आणि आईही नाही. इतक्या वर्षांनी येईल की नाही म्हणून काल दार लावून एकदा घालून पाहिली.

पिंजऱ्यातून उत्तर आलं.

यावर पत्राने काही कळवू नकोस, नुसता ये. बठ्ठं ठीक शे की नाही ते मी बघून ठरवीन.
तुझी,
नूतन