मलमाची दुसरी डबी

अहो,

नायट्याच्या मलमाची नवी डबी आरशापाशी ठेवली आहे. तेच बेंझोइक अ‍ॅसिडचं, लावलं की झोंबणारं. नायटा एकाला झाला तरी घरात सगळ्यांनी लावायचं, असं तुम्हीच बजावलंत. म्हणून मी आणि लेकीनं अंगावर डाग नसताना महिनाभर आग सोसली. तरी तुमचा नायटा तिसऱ्यांदा उगवलाच. आज डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना तपासलं आणि हसून म्हणाल्या, "तुम्ही ठणठणीत आहात हो! हा पाहुणा बाहेरून येतोय."

मीही हसले. काल तुमच्या ऑफिसातल्या हिशेबनीस बाई फाइल द्यायला दारात आल्या होत्या. ओढणी सावरताना त्यांच्या मानेवर अगदी तस्साच गोल चट्टा दिसला.

तेव्हा ही डबी त्यांना द्या. दोघांनी एकदमच लावा, म्हणजे गुण येईल. मानेची कातडी नाजूक, जरा जास्तच झोंबेल. फुंकर घालायला तुम्ही असालच.

आम्ही दोघी माझ्या भावाकडे चाललो आहोत. आमचे टॉवेल काढून नेलेत. दोरीवर आता त्यांच्या टॉवेलापुरती जागा झाली आहे.