अकोल्याचं बीकन बंद आहे

८ जुलै १९५९, बुधवार. अकोला
शाळेचं छप्पर गळतंय. तिसरीचा वर्ग व्हरांड्यात घेतला. घसा बसला.
घरी आले तर हे रेडिओपुढे, चहा गार. विमानतळावरचं बीकन, म्हणजे विमानांना वाट दाखवणारं रेडिओयंत्र, घरच्या जुन्या सेटवर ऐकत बसतात. दिवसभर एकच: टि-टा, टा-टि-टा. ही अकोल्याची खूण. ढगात काही दिसत नाही तेव्हा विमानातली सुई बीकनकडे वळते, आणि खूण ऐकली की वरच्यांना कळतं, हे अकोलाच. ती खूण चालू ठेवणं ही ह्यांची नोकरी. लग्न ठरताना माझा धाकटा भाऊ प्रभाकर म्हणाला होता, "पोरगा सोन्यासारखा हाये ताई, फक्त कान दुसरीकडं असते त्याचे." खरंच होतं.

११ जुलै, शनिवार
आज प्रभाकर! नागपूर-मुंबई विमानावर तो रेडिओ ऑफिसर. विमान इथे टेकतं तेवढ्यात क्वार्टरवर पळत आला. पिठलं-भाकरी उभ्यानेच. रेडिओचं शिक्षण ह्यांनी आणि त्याने एकत्र घेतलं. त्यांची दोस्ती आधीची, मी मागाहून.
"जवाईबापू, तुमचं बीकन सर्दी झाल्यावानी वाजून राहिलं."
"तुह्या कानात मळ असन."
हसले दोघं. तो गेल्यावर ह्यांनी खरं सांगितलं. खूण वाजवणारी दातेरी चकती झिजली आहे. नवी कधीची मागवली, पत्ता नाही.
अमरावतीला आई प्र.साठी मुली बघते आहे. विषय काढला की त्याला विमान आठवतं.

१४ जुलै, मंगळवार
सकाळी सेटवर खूण नाही. नुसता हूंऽऽ. हे अंघोळीतून ओलेच बाहेर. चकती तुटली असणार.
डबा द्यायला मागोमाग गेले. आत ह्यांचं आणि देशमुख साहेबांचं चाललेलं. साहेब विमानतळाचे मुख्य. आमच्या लग्नात, बौद्धवाड्यात, पहिल्या पंगतीला मांडी घालून जेवले होते. ह्यांना पोरासारखं मानतात.
"आवाज तर येऊन राहिला ना? सुई तर वळन? राहू दे चालू."
"वळन साहेब. पण कोनाकडं वळली हे वरच्याले कसं समजन? सेटवर शेजारच्या आकड्यावर दुसऱ्याच गावचं स्टेशन धरलं तर?"
"आन बंद केलं तर त्याहीच्यापाशी काय राह्यलं?"
दोघांचं खरं वाटत होतं. नागपूरची टेलिफोन लाईन पावसाने बंद. विमान निघालेलं, कळवायची सोय नाही. जवळ आल्यावर वायरलेसवर बोलता येईल, तेवढंच.
बाहेर बाजेवर हिवरखेडची एक म्हातारी. पोटाचं ऑपरेशन, ह्याच विमानाने मुंबईला न्यायची. मुलगा गोविंदराव तिच्या डोक्यावर छत्री धरून उभा.
ह्यांना बाजूला ओढलं. "वर माहा भाऊ हाये. तो ढगात, आन तुमी दिवा मालवता?"
"खोटा दिवा हाये तो, कमल."
आणि बंद केलं. साहेबांनी हात धरला नाही. पाठ फिरवून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

शाळेत पाढे चालू असताना डोक्यावर आवाज. ढगांच्या वर. पोरं ओरडली, "इमान! इमान!" आवाज गेला. परत आला. मग पूर्वेकडे विरत विरत... मी फळ्यावर काय लिहिलं कोण जाणे. पोरं हसत होती.
संध्याकाळी लाईन लागली. विमान नागपूरला परत उतरलं, सगळे सुखरूप. हे येऊन भिंतीला टेकून बसले. मी पाणी दिलं, नुसता भात वाढला. ह्यांनी भात कालवला आणि तसाच ठेवला. मग मलाच राहवेना, लोणचं वाढलं.

१६ जुलै
म्हातारीला रेल्वेने मुंबईला नेलं. हिवरखेडच्या मोठ्या लोकांनी वर तक्रार केली आहे. ह्यांना लेखी विचारणा: हुकूम नसताना बीकन बंद का केलं? कागद साहेब स्वतः घेऊन आले, सोबत त्यांच्या घरून सांडगे. "बायकोनं देल्ले." जाताना ह्यांच्या छत्रीची मोडलेली काडी तेवढी नीट करून गेले.

१८ जुलै, शनिवार
आभाळ मोकळं. प्र. आला. त्याला पाहून मी आधी रागावले, मग रडले. तो म्हणे, "अवं, मी काय केलं?"
सांगत होता: सुई अकोल्याकडे वळलेली होती, एकदम सैल पडून भिरभिरली. तेवढ्यात वायरलेसवर ह्यांचा आवाज: अकोल्याचं बीकन बंद आहे, सुईवर भरवसा ठेवू नका. कॅप्टननी एक फेरी मारली, खाली जमीन दिसेना. मग होकायंत्र, घड्याळ आणि वाऱ्याचा अंदाज, एवढ्यावर परत. नागपूरची खूण कानात आली तेव्हा कुठे कळलं, वाट चुकली नाही.
मी विचारलं, बीकन चालू असतं तर?
"खूण नाई हे मी कॅप्टनले सांगतलंच असतं. पन समोर सुई दिसत असली का मानूस तिचंच ऐकते, ताई. उतरलो असतो. बरोबर अकोल्यात का सातपुड्यात, नाई सांगता येत."
हे ऐकत होते. उठून त्याच्या मानेवर हात ठेवला. तो म्हणाला, "सोडा, गुदगुल्या होऊन राहिल्या."

२३ जुलै
चकती आली, बसवली. टि-टा, टा-टि-टा. सगळ्या स्टेशनांना कळवलं. विचारणेचं उत्तर ह्यांनी लिहून दिलं. पुढे काही नाही. आसामात बदली होईल असं ऑफिसात बोलतात. माझी शाळा?
दुपारी गोविंदराव दारात. मी घाबरले. हे म्हणाले, "या, बसा." तो बसला.
"मले इतकंच सांगा, बंद कावून केलं?"
ह्यांनी सगळं सांगितलं. चकती, खूण, सुई. घाई केली नाही. तो चहा पीत ऐकत राहिला.
"ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हनते उशीर झाला, पाहू. तुमी म्हनता ते समजलं मले. पन माय माही हाये."
"वर माहा साळा होता," हे म्हणाले.
त्याने मान हलवली. कप स्वतः विसळायला उठला, मी घेतला हातातून.

२ ऑगस्ट, रविवार
म्हातारीला हिवरखेडला परत आणलं असं कळलं. बरी म्हणून, की डॉक्टरांनी हात टेकले म्हणून, सांगणाऱ्यालाही माहीत नाही.
सकाळी हे म्हणाले, जाऊन येतो. म्हटलं, तुम्हाला कोणी ओट्यावर तरी चढू देईल का? एक तर आपण बौद्धवाड्यातले, त्यात हे बीकनचं. "नाई चढू देल्लं तर खाली उभा राहीन. इचारून येतो." वरूडची संत्री मिळाली नाहीत, मोसंबी दिली बांधून.
संध्याकाळची शेवटची बस आली. हे नाहीत. कंडक्टर ओळखीचा, त्याला विचारलं.
"देखले ना मी. गोविंदरावच्या ओट्यावर बसले होते. मी हाक मारली, त्याहीनं हातानं सांगतलं, तू जाय."
"आनखी कोनी होतं?"
"लय मानसं होती. सारं गावच होतं म्हना ना."
कशाला जमलं होतं, ते विचारायच्या आत घंटी मारून गेला. ह्यांना ओट्यावर चढू दिलं, एवढं कळलं.
भाकरी करून ठेवते आहे. उद्या सकाळच्या बसला स्टँडवर जाईन. शाळेला उशीर झाला तर होऊ दे.