निळ्या झाकणाचा कॅन

९ फेब्रुवारी २००९, नामपूर

पोचले एकदाची! कांदा-बीजाचे प्लॉट फुललेत आणि लियाकतभाईंच्या मधपेट्यांपुढे मेलेल्या माश्यांचा सडा. आधी पंख थरथरतात, मग उडता येत नाही, दोन दिवसांत खेळ खलास. व्हायरसच.

पेट्या वीस. दहांना निळ्या झाकणाचा कॅन — साखरपाण्यात आमच्या लॅबची आरएनए-दवा. दहांना लाल — नुसतं साखरपाणी. पाजायचं लियाकतभाईंनी, मी दर सोमवारी नाशिकहून मोजायला येणार.

"मंग लालवाल्या मरतीन?" त्यांनी विचारलं. म्हटलं, तुलनेला काहीतरी लागतंच. त्यांनी लाल कॅन उचलून निळ्याशेजारी नेऊन ठेवला.

१० फेब्रुवारी

चहा देताना लियाकतभाईंच्या पत्नी अनवरीभाभी म्हणाल्या, ही दवा करते तरी काय? सांगितलं — व्हायरसच्या आरएनएचा तुकडा आम्ही दुपदरी करून पाजतो. दुपदरी दिसला की माशीची पेशी तो बारीक कातरते, तुकडे नमुन्याला ठेवते. खरा व्हायरस आला की नमुन्याशी ताडून त्यालाही कातरते. कात्री माशीचीच.

"म्हंजे शिंप्याला माप दिल्यावानी." माझ्या गाइड सरांपेक्षा सोपं सांगितलं बाईने.

१६ फेब्रुवारी

निळ्या ठीक. लालही ठीक. अजून आठवडा बघू.

२३ फेब्रुवारी

लाल दहाच्या दहा जिवंत. बांधापलीकडे बहिरूअण्णांच्या बारा पेट्या, त्यातल्या अकरा मेल्या, आणि इथे एकही नाही! पण लाल-निळ्यात फरकच नाही, म्हणजे दवा कुचकामी. माझी दोन वर्षं पाण्यात. सर फोनवर म्हणाले, "तसं लिही. प्रकल्प बंद करू." एसटीत रडू आवरणार नाही, म्हणून गेलेच नाही. भाभींकडे राहिले.

२४ फेब्रुवारी

सकाळी भाभी सहज बोलून गेल्या. "यांनी पयल्या दिवसापासून दोन्ही कॅन एका बादलीत वतले. समद्यांना सारखं वाटलं."

लियाकतभाई मान खाली घालून उभे. "अर्ध्या लेकरांना दवा, अर्ध्यांना नाय — मला नाय जमलं, ताई. तुमचं लय नुकसान झालं का?"

इतका राग आला की हातातली वही आपटली. पण कॅन त्यांच्यावर सोपवून निघून गेले कोण? मीच. सरांना सांगितलं तर फेलोशिप जाईल. नाही सांगितलं तर चांगली दवा फुकट बदनाम होईल. भीती वाटते आहे.

२५ फेब्रुवारी

फोन लावला. सगळं सांगितलं, बहिरूअण्णांच्या पेट्यांसकट. सर भडकले. मग म्हणाले, "त्या शेजारच्या पेट्या — त्यांना दवा नव्हती ना? बारांपैकी किती मेल्या म्हणालीस?"