गुळाच्या आधी पेपर

कारंजा लाड,
५ मे २०२६

ती. आबांस,
उज्ज्वलाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही माझं अर्धं ऐकता आणि उरलेलं मनानं भरता, म्हणून हे पत्र. हरीओमभाऊंच्या जीपमधून शेलूबाजारला उतरेल आणि तिथून तांड्यावर येईल.

कमलीआत्याकडे मी मजेत आहे. नर्स व्हायला एवढं वाचावं लागतं तर डॉक्टर झोपतात कधी, असं ती रोज विचारते. जीवशास्त्र येतं, इंग्रजी ढकलत नेते. अडलंय ते प्रवेश परीक्षेच्या तिसऱ्या पेपरपाशी. त्याला चिकित्सक विचार म्हणतात. तिथे पाठांतर चालत नाही. एक प्रसंग देतात, चार पर्याय देतात आणि विचारतात, नर्सनं प्रथम काय करावं?

सराव परीक्षेत मी त्यात नापास झाले. क्लासच्या निकिता मॅडम माझी चुकलेली उत्तरं वाचता वाचता हसायलाच लागल्या. पेशंटला धाप लागली आहे, त्याची दोन मुलं खाटेपाशी भांडताहेत. मी खूण केली ती दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घ्याव्यात यावर. मॅडमनी विचारलं की तोवर पेशंटनं काय करावं. मग विचारलं की घरी कोणी न्यायाधीश आहे का. शेवटी सांगावं लागलं की आजोबा तांड्याचे नाईक आहेत आणि मी त्यांच्या मांडीवर बसून भांडणं ऐकत मोठी झाले.

म्हणजे दोष तुमचा. आणि बाबांनी तर बजावलंय की एवढं एकच वर्ष, नंतर लग्न. तेव्हा एक प्रश्न तुम्हीच सोडवा. खाट एक आणि पेशंट दोन. एकाचं रक्त वाहतंय, दुसरा सरपंचाचा मेहुणा आहे आणि त्याचं डोकं दुखतंय. प्रथम कोणाला घ्याल?

आजीला नमस्कार. लोभ आहेच, तो परीक्षेपर्यंत तरी पातळ होऊ देऊ नका.

आपली,
उज्ज्वला


तांडा,
८ मे २०२६

चि. उज्ज्वलास,
लालसिंग नाईकाचे अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या मॅडमला माझा नमस्कार सांग आणि विचार, त्यांनी कधी शेताच्या धुऱ्याचं, बांधाचं भांडण मिटवलंय का. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय माणूस आजारी तरी नीट पडतो का?

तुझा प्रश्न सोपा आहे. रक्तवाल्याला खाटेवर निजवावं आणि मेहुण्याला पायथ्याशी टेकू द्यावं. कोणी रुसून जाऊ नये. इतकी वर्षं न्याय करतोय, माझ्या सतरंजीवरून एकटाच रुसून गेलेला माणूस दाखव. तुझी आजी रुखमाबाई म्हणते की खरं आहे, तिथून दोघंही सारखेच रुसून जातात. तिचं मनावर घेऊ नकोस.

आता महत्त्वाचं. मदनसिंगनं केनवडच्या पाहुण्यांना सतरा तारखेच्या रविवारी बोलावलं आहे. मुलगा बादल, पुण्यात कंपनीत कामाला. पसंती झाली की त्याच दिवशी गूळ वाटायचा, असं तुझ्या बापाचं म्हणणं. मी आठवण दिली की त्याच दिवशी तुझा पेपर आहे. तो म्हणाला, पेपर दरवर्षी येतो, असं स्थळ येत नाही. गोष्ट माझ्यापुढे आली आणि मी निकाल दिला. सकाळी अकोल्याला पेपर, संध्याकाळी तांड्यावर गूळ. जीप सांगून ठेवली आहे. दोघांचाही मान राहिला. तू खूश असशील.

तुझा,
आबा


कारंजा लाड,
१० मे २०२६

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

शेवटी खाट वाटलीत ना दोघांत!

पेपर पाचला सुटतो, ते सोडा. जीप हाणली तर मी पोचेनही. पण आपल्यात गूळ वाटला की सोयरीक पक्की. मग मी कॉलेजात जायचं की नाही, हे केनवडला ठरणार. तुमच्या निकालानं मी पेपर दिल्यासारखंही होईल आणि न दिल्यासारखंही.

बादलवर माझा राग नाही. तो कदाचित हिरा असेल. अशा वेळी आमच्याकडे माहिती अपुरी आहे असा पर्याय असतो, मी त्यावर खूण करते. त्याला तरी कोणी काही विचारलंय का?

आबा, प्रश्न परत वाचा. प्रथम या शब्दाखाली रेघ असते. अर्ध्या अर्ध्या उत्तराला इथे गुण नाहीत. तुम्ही माझ्याविरुद्ध निकाल दिलात तरी मी ऐकेन, पण एकच द्या.

रागावलात तरी चालेल, उत्तर मात्र पाठवा.

आपलीच,
उज्ज्वला


तांडा,
१८ मे २०२६

चि. उज्ज्वलास,
मदनसिंगचे आशीर्वाद.

मी काही पत्र लिहिणारा माणूस नाही. पण इथं काल काय झालं ते फोनवर सांगता येत नाही. तुहे आबा जवळच बसून राह्यतात, अन् त्याहिले नको ते बराबर आयकू येते.

तुले आणाले जीप अकोल्याले गेलीच नाही. मी हरीओमले इचारलं काहून, तर तो म्हणे नाईकानं नाही सांगतलं. तिकडून पाहुणे आले. बादल, त्याचे मायबाप, अन् त्याचा आजा सेवालालजी, तेही त्याहिच्या तांड्याचे नाईक. गुळाचं ताट मधोमध ठेवलं. तर आबानं हात वर केला, म्हणे आमच्या तांड्यात गुळाआधी पाहुण्यायले एक प्रश्न इचारायचा जुना रिवाज आहे. मी एवढा घोडा झालो, हा जुना रिवाज कालच पाह्यला.

प्रश्न असा, का एका पोरीचा पेपर अन् घरी पाहुणे एकाच दिवशी आले, तर प्रथम काय? सेवालालजी पडले नाईक. ते म्हणे, सकाळी पेपर, संध्याकाळी पाहुणे. आबानं असं खुशीत चूक म्हणलं, जसा पेपर त्याहिनंच काढला होता. मंग दोन नाईक जुंपले. कोणाचा चहा कोण पेलं, कोणाले पत्ता नाही.

शेवटी बादलले इचारलं. तो म्हणे, पेपर. त्याची बारावी ऊसतोडीत राहून गेली, तवा त्याच्या घरी हा प्रश्न कोणी इचारलाच नव्हता. मंग आबा माह्याकडे वळले, म्हणे मदन, तू बाप आहेस, तू सांग. सारा तांडा माह्या तोंडाकडे पाहून राह्यला होता. मी म्हणलं, पेपर.

आता निघालं तोंडातून तर निघालं. गूळ आत गेला. तुह्या मायनं त्याचा शिरा केला, पाहुण्यायनं दोन खेप घेतला. सोयरीकीचं मंग पाहू, तुहं शिक्षण झाल्यावर, तुले इचारून.

जाताना सेवालालजीनं मले बाजूले घेतलं, धोतर वर करून सुजलेला गुडघा दाखवला, अन् इचारलं का पोरगी शिकून कवा येते. मी म्हणलं, चार वर्सं. ते म्हणे, तोवर काढतो कसंबसं. तवा पास होजो माय, मी त्या गुडघ्याले शब्द देऊन बसलो.

लोभ आबावर आहेच तुहा, थोडा इकडेही राहू दे.

तुहा बाप,
मदनसिंग