पाचव्या घरातले अकरा सेकंद

मस्तगड, जालना
गुरुवार

आदरणीय राजानंददादास,

धाकट्या दीपमालाचा जय भीम. तुझा गुडघा, वहिनींचं पित्त आणि तीर्थपुरीतली थंडी, तिन्ही आता उतरणीला लागली असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही बरे आहोत. (म्हणजे तुझ्या मेहुण्याला, मिथुनला, सर्दी झाली आहे आणि आपल्याशिवाय ती आजवर कुणालाच झाली नव्हती अशी त्याची समजूत आहे.) हे पत्र कागदावर का, असं वहिनी विचारतील. फोनवर लिहिलं असतं तर वाचायच्या आधीच तू ते घरच्या ग्रुपवर टाकलं असतंस, आणि हे ग्रुपवर जायला नको. पिंपळगाव रेणुकाईतल्या आईच्या घराची किल्ली तू तीनदा मागितलीस. रविवारी कुलूप काढून घर त्या खतवाल्या कल्याणला गोण्या ठेवायला द्यायचं, असं तू ठरवलं आहेस. किल्ली अजून का पाठवली नाही, त्याचं हे कारण. पूर्ण वाचल्याशिवाय रागावू नकोस.

माझं काम तुला कधी नीट कळलं नाही. (लोकांना तू ‘दीपी कॉम्प्युटर दुरुस्त करते’ असं सांगतोस. त्यामुळे दोन नातेवाईक टीव्ही घेऊन आले होते.) मी सर्व्हिस लिहिते. कुणी फोनवरून काही विचारतं, लांबच्या सर्व्हरवर माझा कोड ते ऐकून उत्तर देतो. ज्या चौकटीत मी हे बांधते ती अगदी हलकी, तिचं स्वतःचं असं जवळजवळ काहीच नसतं. आपण फक्त एकामागे एक कामकरी उभे करायचे. त्यांना मिडलवेअर म्हणतात. पहिल्यानं निरोप घ्यायचा, आपलं काम करायचं आणि ‘पुढे’ म्हणून दुसऱ्याच्या हाती द्यायचा. शेवटच्यापर्यंत पोचला की उत्तर त्याच सगळ्यांच्या हातांतून उलट्या क्रमानं मागे येतं. मधल्या कुणी ‘पुढे’ म्हटलं नाही, की सगळं तिथंच थांबतं. हे शिकताना माझ्या डोक्यात आठवडाभर काही शिरेना. मग आपली गल्ली आठवली आणि पाच मिनिटांत सगळं कळलं.

कारण आपली गल्ली हेच तर करते. दर चौथ्या दिवशी दुपारी अडीचला भिवामामा पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतो, पहिल्या घरातून तुळजाबाई दुसऱ्याला हाक देतात, दुसरं तिसऱ्याला, अशी नऊ घरं. शेवटचं घर भरलं की ‘भरलं’ ही हाक त्याच घरांतून उलटी येते आणि मामा व्हॉल्व्ह फिरवतो. पाचवं घर आपलं. हाक आली की आई हात पुसायची, पदर सारखा करायची, ओट्यावर यायची आणि मगच सहाव्या घरच्या प्रभावतीकाकूंना हाक द्यायची. आतूनच ओरडून सांगणं तिला भांडण काढल्यासारखं वाटायचं.

नोव्हेंबरात आई गेली, आपण कुलूप लावलं आणि हाक चौथ्या घरापर्यंतच येऊ लागली. पुढच्या चार घरांचं पाणी दोनदा हुकलं. तेव्हा गल्लीनं मला फोनवरची सोय करून मागितली. मी नऊ घरांसाठी नऊ मिडलवेअर लिहिले. प्रत्येकानं आपल्या घराला निरोप धाडायचा आणि ‘पुढे’ म्हणायचं. दादा, पाचव्या ठिकाणी आईचं नाव गाळायला माझा हात धजला नाही. ‘बेबीनंदा’ लिहिलं, दोन कंस उघडले, मिटले आणि उठून चहा ठेवायला गेले. परत येऊन सहावं घर लिहायला घेतलं. पाचव्यात काहीच लिहिलं नव्हतं. ‘पुढे’ही नाही.

म्हणजे ती सर्व्हिस पहिल्याच दिवशी पाचव्या घरापाशी ठप्प व्हायला हवी होती. ती तीन महिने बिनतक्रार चालली.

ही चूक मला परवा-परवा दिसली. प्रत्येक घरी निरोप कधी शिरला आणि कधी निघाला, याची सर्व्हर नोंद ठेवतो. आठ घरांतून तो डोळा लवायच्या आत बाहेर पडत होता. पाचव्यात त्याला दर वेळी अकरा सेकंद लागत होते. मी सर्व्हर बदलून पाहिला, चौकटीची नवी आवृत्ती घालून पाहिली. मिथुनला सांगितलं तर तो रुमालातून म्हणाला, “चालून राह्यलंय ना? मंग हात कशाला लावतीस?” (या धंद्यातलं सगळं ज्ञान त्याला सर्दीत प्राप्त झालं.) शेवटी मी एसटीनं पिंपळगावला गेले.

तुळजाबाईंना विचारलं, फोनवर निरोप वेळेवर येतो का. त्या म्हणाल्या, “फोन? फोन कोन पाहतंय बाई! हाक येती की बराबर.” पाचव्या घरातून कोण देतं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “कोन म्हंजी? शहरात राहून कान गेले का काय तुझे?” अडीच वाजता मी आपल्या ओट्यासमोर भर उन्हात उभी राहिले. चौथ्या घरातून हाक आली. बायका पाचव्या घराच्या बंद दाराकडे तोंड करून, हंडे कमरेला लावून थांबल्या होत्या, बस येण्याआधी थांबतात तशा सहज. मी मनात मोजत होते. मला काही ऐकू आलं नाही. अकरा झाले आणि प्रभावतीकाकू आतून म्हणाल्या, “आले गं बेबीनंदा,” आणि त्यांनी सातव्या घराला हाक दिली. कुलपावर धूळ होती. ओटा तेवढा झाडलेला होता. (कुणी झाडला हे मी विचारलं नाही. आपली हिंमत तुला माहीत आहे.)

घरी आले आणि शहाणपणा केला. चूक ती चूक, म्हणून पाचव्या घरात ‘पुढे’ ही एक ओळ लिहिली. पुढच्या पाळीला निरोप नवव्या घरापर्यंत सरळ गेला. पाचव्यात शून्य सेकंद. फोन मात्र नेहमीसारखे कुणी पाहिले नाहीत आणि हाक चौथ्या घरापुढे आलीच नाही. चार घरांचे हंडे रिकामे राहिले. शेवटच्या घरची शीतल वीस दिवसांची बाळंतीण, तिच्याकडे धुणं भिजत पडलेलं. संध्याकाळी प्रभावतीकाकूंचा फोन आला. “दीपे, आज बेबीनंदा बोललीच न्हाई गं. तू काही केलंस का? तिला न इचारता परस्पर पुढं धाडलं आसशील.”

मी ती ओळ पुसली. चूक उचलून परत जागेवर नेऊन ठेवायची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. काल पाळी होती, मी पुन्हा जाऊन ओट्यासमोर उभी राहिले. अकरा सेकंद. शीतलचं पाणी भरलं.

आता तूच सांग, त्या खोलीत खताच्या गोण्या कशा रचायच्या? कल्याण सज्जन आहे, पण सज्जन माणूसही दार उघडून आत शिरतोच. वहिनींना नमस्कार. गुडघ्याला शेक चालू ठेव. या पत्रातली एखादी ओळ तुला मूर्खपणाची वाटली, तर ती माझ्याकडेच परत पाठव, ग्रुपवर नको.

तुझी,
दीपमाला

ता. क. माझी काही हरकत नाही, असं कल्याणला कळव. फक्त पाळीच्या दिवशी अडीच ते साडेतीन गोण्या हलवू नयेत.

आणखी एक ता. क. वरचं सगळं खरं आहे, पण पत्र त्यासाठी लिहिलं नाही. मी निघता निघता तुळजाबाई म्हणाल्या, “राजानंद आल्ता जानेवारीत, घर पाहायला. पाण्याच्याच टायमाला. वट्यावर उभा व्हता अन् एकदम पांढरा पडला. चहा न घेता गेल्ता पळत यष्टीला.” घर देऊन टाकायची घाई तुला त्यानंतरच लागली, दादा. मी दोनदा तिथं उभी राहिले. माझ्याशी ती बोलत नाही. प्रभावतीकाकूंना हाक देते, साऱ्या गल्लीला देते, मला नाही. तुला ती काय म्हणाली, ते जसंच्या तसं लिहून पाठव. रागावली असेल तर तेही. तुझं उत्तर आलं, की किल्ली मी उलट टपालानं धाडते.