सायमीची रायफल

कुह्मो, १० मे १९८७

ति. ओनीदादास सायमीचा सा. न. वि. वि.

तळ्यावरचं बर्फ गेलं, पण तुझा मेहुणा काउको अजून खिडकीशीच बसून आहे. फेब्रुवारीतल्या पक्षाघाताच्या झटक्याने त्याचा उजवा हात गेला तो गेलाच, जीभही जड झाली. दिवसाला चार शब्द बोलला तरी मी खूश असते.

गेल्या आठवड्यात शिकारमंडळाचा म्होरक्या ताउनो मूस हरणाच्या मांसाचं पुडकं घेऊन आला. आजारी माणसाचा वाटा आहे, म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण काउको वीस वर्षं त्या मंडळाबरोबर शिकारीला उभा राहिलाय, दादा. मी रस्सा वाढला तर त्याने ताट बाजूला सारलं.

म्हणून मी ठरवलंय, शरद ऋतूत त्याच्या जागी मी जाणार. ताउनोला सांगितलं, तर हसला आणि म्हणाला की सूप ढवळायला बाई हवीच आहे. मी म्हटलं, सूप तू ढवळ, मी परवाना काढते. काउकोची रायफल जड आहे. एकदा झाडून पाहिली तर खांदा आठवडाभर निळा होता. कायानीच्या दुकानात तीन पाहिल्या: एक स्वस्त, एक मधली, एक अक्रोडाच्या नक्षीदार दस्त्याची. तू तीस वर्षं बंदुका विकल्यास. खरं सांग, कोणती घेऊ? काउकोशी अजून बोलले नाही.

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी उत्तर मात्र धाड.
तुझी सायमी

ओउलू, १७ मे १९८७

चि. सायमीस अनेक आशीर्वाद.

रागावलो नाही. तुझी वहिनी मात्र हसते आहे. तिच्या मते बिचाऱ्या ताउनोचं यंदा काही खरं नाही.

आता कामाचं. स्वस्तातलीही गोळी सरळच जाते, पण काडतूस चढवायचा बोल्ट अडकतो, चाप घट्ट असतो, आणि नवख्या माणसाचा हात तिथेच हलतो. महागडीत तू जास्तीचे पैसे लाकडाच्या नक्षीला देतेस, आणि मूस काही नक्षी बघत नाही. मधली घे. साडेसहा मिलिमीटर नळीची घे. तिचा धक्का सौम्य असतो आणि नेम नीट असेल तर मूसला ती पुरते. ताउनो तोफेएवढ्या काडतुसांच्या गोष्टी सांगेल, ऐकू नकोस. धक्क्याला भिणारा माणूस चाप ओढताना डोळे मिटतो, आणि मग जखमी जनावर दिवसभर जंगलात फिरतं. त्याहून वाईट काही नाही. उरलेल्या पैशांत रायफलीवर बसवायची साधी दुर्बीण आणि भरपूर काडतुसं घे.

दुकानात डोळे मिटून रायफल खांद्याला लाव, मग डोळे उघड. दुर्बिणीतून सगळं स्वच्छ दिसलं तर ती तुझी. मान वाकडी करावी लागली, तर कितीही देखणी असो, खाली ठेव.

आणि काउकोला बरोबर ने. त्याच्या पाठीमागे त्याची जागा घेऊ नकोस, पोरी.

तब्येत सांभाळ, खांदाही.
ओनी

कुह्मो, २८ जून १९८७

ति. दादास सा. न.

तुझं पत्र काउकोला वाचून दाखवलं. तो उठून बाहेर गेला आणि दोन दिवस माझ्याकडे बघेना. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर टोपी घालून गाडीत बसलेला.

दुकानदार माझ्याशी लहान मुलीशी बोलावं तसा बोलत होता. बायकांच्या हाताला नक्षीदारच शोभते म्हणे. खोटं कशाला बोलू, मी भुलले होते. मग तुझी परीक्षा घेतली. नक्षीदार नापास. मधली जवळजवळ पास, पण दुर्बिणीत कडेला काळं दिसत होतं. मी पुन्हापुन्हा मान ताणत होते, तेवढ्यात काउको खुर्चीवरून उठला. डाव्या हाताने दस्ता चाचपला आणि म्हणाला, लांब. मग दोन बोटं दाखवली. एवढा कापा. दुकानदार म्हणाला की कापला तर पुढे विकताना किंमत येणार नाही. त्यावर काउको, दादा, अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला की विकायची नाहीये.

मी काडतुसांच्या कपाटाकडे तोंड करून डोळे पुसले.

आता रोज नेमबाजीच्या मैदानावर जातो. तो मागे स्टुलावर बसून ओरडतो, श्वास, थांब, घाई करू नकोस. मला रागवायला म्हणून त्याला शब्द सापडायला लागलेत. परवान्यासाठीच्या नेमाच्या परीक्षेत दोनदा नापास झाले, काल पास.

वहिनीला सांग, ताउनो आता हसत नाही.
सायमी

कुह्मो, १९ ऑक्टोबर १९८७

ति. दादास सा. न.

पहिल्या दिवशी मादी आली, मागे पिल्लू. मी चापावर बोटच ठेवलं नाही. कोणी कुरकुरलं, पण ताउनोने त्याला गप्प केलं. काल सकाळी धुक्यातून नर आला, साठ पावलांवर आडवा उभा राहिला. कानात काउकोचा आवाज, थांब. थांबले. एकच गोळी. तो चाळीस पावलं चालला आणि खाली बसला. मी जवळ जाऊन उभी राहिले. ताउनोने टोपी काढली, मग सगळ्यांनीच काढली.

वाटणी झाली. ताउनोने आमचं पुडकं बाकीच्यांसारखंच क्रमांक पुकारून हातात दिलं. संध्याकाळी काउको दोनदा जेवला.

सोबत एक चिठ्ठी आहे. तासभर दार लावून लिहीत होता. मी वाचलेली नाही. आमची आठवण अशीच ठेव.
सायमी

ओनी,
डाव्या हाताने लिहितोय, हसू नकोस.
बायकोचा नेम चांगला आहे. माझ्यापेक्षा. हे तिला सांगू नकोस.
रस्सा खारट करते. ते सांग.
ये.
काउको